तिसऱ्या टीव्हीवर ठरावीक वाहिन्याच फुटतात : स्प्लिटर बदलावा की अँप्लिफायर लावावा?

मनीप्लांट

नमस्कार. डोंबिवलीतील आमच्या घरात डिजिटल केबलची एकच वायर येते आणि ती स्प्लिटरने (एका वायरीचे फाटे करणाऱ्या डबीने) तीन टीव्हींना वाटलेली आहे. प्रत्येक टीव्हीला स्वतंत्र सेट टॉप बॉक्स आहे आणि तिन्हींचे पॅक चालू आहेत. दिवाणखान्यातील आणि आमच्या खोलीतील टीव्ही व्यवस्थित चालतात. सासू-सासऱ्यांच्या खोलीतील टीव्हीवर मात्र काही वाहिन्यांचा आधी आवाज तुटतो, मग पडद्यावर चौकोन पडतात आणि शेवटी सिग्नल नसल्याची पाटी येते. त्याच टीव्हीवर क्रीडा वाहिन्या आणि बरेचसे चित्रपट अगदी स्वच्छ दिसतात; जातात त्या नेमक्या मराठी बातम्यांच्या वाहिन्या, आणि त्यामुळे घरातील वातावरण सध्या थोडे तापलेले आहे.

केबलवाल्यांच्या माणसाने बॉक्स बदलून पाहिला, पण फरक पडला नाही. दुकानदाराने अँप्लिफायर (सिग्नल वाढवणारे यंत्र) लावा असे सुचवले. शेजाऱ्यांकडे एक पडून होता, तो त्या टीव्हीच्या मागे जोडून पाहिला. बॉक्सच्या मेनूत सिग्नलची ताकद दाखवणारी पट्टी जवळपास पूर्ण भरली, तरीही चित्र पूर्वीसारखेच फुटते. पट्टी भरलेली असताना चित्र का फुटावे, आणि आता चांगल्या प्रतीचा अँप्लिफायर विकत घ्यावा की स्प्लिटर बदलावा, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

तिसरा_मजला

स्प्लिटर बदलून पाहा. आमच्याकडे पुण्यात हाच त्रास होता आणि नवा स्प्लिटर लावल्यावर तो गेला. वस्तू स्वस्त आहे, त्यामुळे प्रयोग करायला हरकत नाही.

समांतर_रेषा

मनीप्लांट ताई, काहीही विकत घेण्यापूर्वी थोडी माहिती द्या, कारण तुमच्या वर्णनात एक फार उपयोगाची गोष्ट दडलेली आहे. सगळ्या वाहिन्या जात नाहीत, ठरावीकच जातात.

डिजिटल केबलमध्ये प्रत्येक वाहिनीला स्वतंत्र फ्रिक्वेन्सी नसते. आपल्याकडे ८ मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या एका पट्ट्यात, ६४ क्वाम (लहरीवर डिजिटल माहिती चढवण्याची एक रीत) पद्धतीने, सेकंदाला साधारण ३८ मेगाबिट माहिती जाते आणि त्यात साध्या प्रतीच्या पंधरा-वीस वाहिन्या एकत्र बसवलेल्या असतात. एकाच वेळी फुटणाऱ्या वाहिन्या बहुधा एकाच फ्रिक्वेन्सीवर किंवा शेजारशेजारच्या फ्रिक्वेन्सींवर असतात. ऑपरेटर एका भाषेच्या किंवा एका प्रकारच्या वाहिन्या पुष्कळदा जवळजवळ ठेवतात, म्हणून तुम्हाला बातम्यांवरच संक्रांत आल्यासारखे वाटते. बॉक्सच्या मेनूत सिग्नलच्या माहितीचे पान असते. प्रत्येक फुटणाऱ्या वाहिनीवर थांबून तिथे दिसणारी फ्रिक्वेन्सी लिहून घ्या. तसेच चांगल्या दिसणाऱ्या काही वाहिन्यांचीही लिहा.

दुसरे म्हणजे वायरिंगचा कच्चा आराखडा द्या. वायर घरात कुठून येते, पहिला स्प्लिटर कुठे आहे, तिथून पुढे कुठे आणि किती मीटर जाते, प्रत्येक स्प्लिटरवर काय छापलेले आहे. शेजाऱ्यांचा अँप्लिफायर तूर्त काढून ठेवा, नाहीतर एकही आकडा भरवशाचा राहणार नाही.

पट्टीबद्दल आताच सांगते. बॉक्स दोन गोष्टी दाखवतो, ताकद आणि गुणवत्ता. ताकद म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीवर एकूण किती ऊर्जा येते आहे, मग ती कामाची असो की नुसता गोंगाट. चित्र ठरते ते गुणवत्तेवर, म्हणजे कामाचा सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे त्यावर. भजनाच्या कार्यक्रमात माइकसमोर कोणी खाकरले तर लाउडस्पीकर तेही तेवढ्याच इमानाने गावभर ऐकवतो. टीव्हीच्या मागे लावलेला अँप्लिफायर नेमके हेच करतो. सिग्नल आणि गोंगाट दोन्ही सारखेच वाढतात, शिवाय अँप्लिफायर स्वतःच्या गोंगाटाची भर घालतो. ताकदीची पट्टी भरते, गुणवत्ता होती तिथेच राहते किंवा थोडी घसरते.

कोकणपट्टा

आमच्या रत्नागिरीकडे निम्म्या तक्रारी पावसाच्या असतात. गच्चीवरून किंवा खिडकीतून वायर आत येते तिथला कनेक्टर उघडून पाहावा. आत हिरवट किंवा पांढरी पूड दिसली तर पाणी शिरलेले आहे, आणि मग नुसता कनेक्टर बदलून भागत नाही. पाणी वरच्या जाळीतून वायरीत पुढे झिरपलेले असते, त्यामुळे हातभर वायर कापून नवीन कनेक्टर चढवावा लागतो. भिंतीत शिरण्यापूर्वी वायरीला खाली झोळ द्यावा म्हणजे पाणी तिथूनच गळून जाते. हे फार थोडे लोक करतात.

मनीप्लांट

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे माहिती गोळा केली.

वायर जिन्यातील डबीतून दाराच्या वरून आत येते. दिवाणखान्यात पहिला दोन तोंडांचा स्प्लिटर आहे; त्याचे एक तोंड तिथल्या टीव्हीला आणि दुसरे आमच्या खोलीकडे जाते. आमच्या खोलीत तसाच दुसरा स्प्लिटर आहे. त्याचे एक तोंड आमच्या टीव्हीला आणि दुसरे सासू-सासऱ्यांच्या खोलीकडे. दोन्हींवर ५ ते १००० मेगाहर्ट्‌झ आणि ३.५ डीबी असे छापले आहे. दारापासून शेवटच्या टीव्हीपर्यंत वायर साधारण २५ मीटर भरते. वायरीवर आरजी-६ असे लिहिलेले आहे. शेवटच्या खोलीत ती भिंतीतील पाइपातून येऊन एका चौकोनी डबीतून बाहेर पडते. आमची बाजू पावसापासून पूर्ण आत आहे, त्यामुळे पाण्याची शक्यता कमी वाटते.

फुटणाऱ्या सगळ्या वाहिन्या ६५० ते ७२२ मेगाहर्ट्‌झ या दरम्यान आहेत. त्याखालच्या उत्तम दिसतात. त्यावरच्या ७७८ ची एक वाहिनी पाहिली, तीही दिसते, मात्र क्वचित एखादा चौकोन पडतो.

पक्कड

मी स्वतः कोल्हापूरकडे केबलचे काम करतो, म्हणून सांगतो. आता ऑपरेटरकडून मीटरवाला माणूस बोलवा. नुसता बॉक्स बदलणारा मुलगा नको. त्याला दोनच ठिकाणी मोजायला सांगा : दारातून आलेल्या वायरीवर, पहिल्या स्प्लिटरच्या आधी; आणि शेवटच्या बॉक्सची पिन काढून तिथे. चार फ्रिक्वेन्सी घ्या, ३०६, ४९८, ६५० आणि ७७८. आम्ही लोक नुसते 'साठ डीबी आहे' असे बोलतो, त्याचा अर्थ साठ डीबीमायक्रोव्होल्ट, म्हणजे सिग्नलच्या पातळीचे माप. ६४ क्वामला बॉक्सपाशी ४७ ते ६७ च्या दरम्यान आकडा असला की निर्धास्त राहावे. त्याखाली चाळीसपर्यंत बरेच बॉक्स रेटून नेतात, पण त्यावर विसंबू नये.

तिसरा_मजला

७०० मेगाहर्ट्‌झच्या आसपास जाते आहे म्हटल्यावर मला ५जीचा संशय येतो. त्या पट्ट्याचा लिलाव २०२२ साली झाला आणि तेव्हापासून मोबाइल त्यावर चालू लागले. आजोबांचा फोन टीव्हीशेजारीच असतो का?

समांतर_रेषा

तिसरा_मजला, शंका रास्त आहे आणि पुष्कळ ठिकाणी खरीही ठरते. त्या पट्ट्यात फोन ७०३ ते ७४८ मेगाहर्ट्‌झवर पाठवतो आणि टॉवर ७५८ ते ८०३ वर. केबलच्या नळीच्या आत त्याच फ्रिक्वेन्सींवर वाहिन्या धावत असतात. वायरीची जाळी विरळ असेल किंवा कनेक्टर ढिला असेल तर बाहेरची लहर आत शिरते आणि चित्र फोडते. मात्र इथे ६५० पण जाते आहे, जिथे फोनचा काही संबंध नाही. शिवाय बाहेरच्या लहरीने गुणवत्ता पडते, सिग्नलची पातळी खाली जात नाही. मीटरचे आकडे आले की हा प्रश्न आपोआप निकालात निघेल.

मनीप्लांट

मीटर घेऊन माणूस आला होता. त्याने आकडे कागदावर लिहून दिले, ते असे :

दाराशी : ३०६ वर ६५, ४९८ वर ६३, ६५० वर ६२, ७७८ वर ६१.
शेवटच्या खोलीत : ३०६ वर ५४, ४९८ वर ४९, ६५० वर ३६, ७७८ वर ४१.

त्याचे म्हणणे असे पडले की दाराशी सिग्नल उत्तम आहे, घरातील वायर जुनी झाली आहे, ती सबंध बदलून घ्या. भिंतीतील पाइपातून नवीन वायर ओढायची म्हणजे रंगकामापर्यंत प्रकरण जाईल, म्हणून आम्ही थांबलो आहोत.

समांतर_रेषा

थांबलात हे उत्तम झाले. या आठ आकड्यांत बहुतेक उत्तर आलेले आहे. हिशेब सविस्तर मांडते, म्हणजे इतरांनाही आपल्या घरी तो करता येईल.

सिग्नलचे दोन सारखे वाटे केले की प्रत्येक वाट्याला निम्मी ऊर्जा येते. निम्मी म्हणजे ३ डीबी कमी, आणि स्प्लिटरच्या स्वतःच्या घटीचे अर्धा डीबी, म्हणून त्यावर ३.५ छापलेले असते. शेवटच्या खोलीच्या वाटेवर असे दोन आहेत, म्हणजे ७ डीबी गेले. आरजी-६ वायरीत १०० मीटरला ३०० मेगाहर्ट्‌झच्या आसपास साधारण साडेअकरा-बारा डीबी जातात, आणि ७५० च्या आसपास अठरा-साडेअठरा. तुमच्या २५ मीटरला याच्या पाव हिश्श्याची घट धरू : ३०६ वर ३, ४९८ वर ४, ६५० वर साडेचार, ७७८ वर ५ च्या जरा आत.

आता शेवटच्या खोलीत काय यायला हवे होते ते पाहा. ३०६ वर ५५, ४९८ वर ५२, ६५० वर ५०-५१ आणि ७७८ वर ४९. म्हणजे दोन स्प्लिटर, २५ मीटर वायर, सगळे धरूनही चारही आकडे ४७ च्या वर राहतात. तुमच्या घराला अँप्लिफायरची मुळात गरजच नाही.

प्रत्यक्षात किती कमी आले? ३०६ वर १, ४९८ वर ३, ६५० वर १४ ते १५ आणि ७७८ वर ८. हा शेवटचा आकडा नीट पाहा. वायर जुनी असती, पातळ असती, ओली असती किंवा नुसती लांब असती, तर फ्रिक्वेन्सी वाढत जाईल तशी घट वाढतच गेली असती आणि ७७८ ची अवस्था ६५० पेक्षा वाईट असती. इथे ६५० ते ७२२ च्या दरम्यान खड्डा आहे आणि पुढे सिग्नल पुन्हा वर येतो. असा खड्डा वायर म्हातारी झाल्याने पडत नाही. पातळीच पडलेली आहे, त्यामुळे ५जीही यातून सुटला.

असा खड्डा बहुतेक वेळा समांतर जोडलेल्या तुकड्याने पडतो. मुख्य वायरीला कुठेतरी एखादा मोकळा तुकडा पिळून जोडलेला राहिला असेल, तर सिग्नल त्या तुकड्यात शिरतो, मोकळ्या टोकावर आपटून परत येतो आणि येताना मूळ सिग्नलला छेदतो. तुकड्याची लांबी लहरीच्या पाव लांबीइतकी असेल त्या फ्रिक्वेन्सीवर हा छेद जवळजवळ पूर्ण होतो. फोमच्या आरजी-६ मध्ये लहर प्रकाशाच्या सुमारे ८३ टक्के वेगाने जाते. ६९० मेगाहर्ट्‌झला पाव लहर साधारण ९ सेंटिमीटर भरते. माझा अंदाज असा की शेवटच्या खोलीतल्या त्या चौकोनी डबीत, किंवा वाटेतील एखाद्या डबीत, अर्ध्या वितेएवढा जुना तुकडा सापडेल. आमच्या खोलीतील टीव्ही ठीक आहे असे तुम्ही म्हणता, म्हणजे दोष दुसऱ्या स्प्लिटरच्या पुढेच आहे.

डबी उघडण्यापूर्वी एक काळजी घ्या. जुन्या घरांत केबल आणि २३० व्होल्टची वायर एकाच डबीत कोंबलेली असते. त्या खोलीचा एमसीबी पाडा, टीव्ही आणि बॉक्सचे प्लग काढा, आणि मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या. शंका वाटली तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

पक्कड

समांतर_रेषा ताईंनी बरोबर पकडले आहे. मी त्यात कामाची भर घालतो. मीटरच्या आकड्यांचे उतार लक्षात ठेवले तर निम्मे शोधकाम खुर्चीत बसून होते. वरच्या वाहिन्या हळूहळू खालावत गेल्या तर लांबी, पातळ वायर किंवा पाणी. खालच्या वाहिन्या गेल्या आणि वरच्या चांगल्या आहेत, तर आतली तार कुठेतरी तुटलेली किंवा पिनेत न टेकलेली असते; दोन टोके जवळ असतात म्हणून वरच्या फ्रिक्वेन्सी ती फट ओलांडतात आणि खालच्या अडकतात. मधेच खड्डा पडला तर असा जोडून राहिलेला फाटा. सगळ्याच सारख्या खाली गेल्या तर एखादा स्प्लिटर जास्तीचा आहे किंवा जिन्यातील टॅपची (मुख्य वायरीतून घराला फाटा देणाऱ्या डबीची) डीबीतील किंमत चुकली आहे.

फाट्यांचे मूळ कुठे असते तेही सांगतो. मुंबईत २०१२ च्या अखेरीस ॲनालॉग केबल बंद झाली, इतर शहरांत त्यानंतर टप्प्याटप्प्याने. त्याआधी वायर सोलून तार तारेला आणि जाळी जाळीला पिळून वर टेप गुंडाळला तरी काम भागत असे. फार तर पडद्यावर मुंग्या यायच्या, आणि मुंग्यांसह मालिका पाहायची लोकांना सवय होती. डिजिटलमध्ये मुंग्यांची पायरीच नाही. सिग्नल एका मर्यादेच्या वर असेपर्यंत चित्र काचेसारखे, आणि मर्यादा ओलांडली की एकदम चौकोन. भिंतीतले जुने पीळ मात्र तसेच राहिले.

मनीप्लांट

सापडले! एमसीबी पाडून इलेक्ट्रिशियनसमोर ती चौकोनी डबी उघडली. आत पाइपातून येणारी वायर कापलेली होती, पुढे टीव्हीकडे जाणारी वायर तिला पिळून जोडलेली होती आणि त्याच पिळात तिसरा तुकडा गुंतवलेला होता. तो पूर्वी पलंगाच्या बाजूच्या टीव्हीकडे जात असे. खोलीची मांडणी बदलली तेव्हा कोणीतरी तो डबीच्या तोंडाशी कापून आत दाबून ठेवला असणार. पट्टीने मोजला तेव्हा नऊ सेंटिमीटरच्या थोडा वर भरला. त्यावरचा काळा टेप इतका वाळला होता की हात लावताच सालपटे निघाली, आणि जाळीची एक केसाएवढी तार मधल्या तारेला टेकण्याच्या बेतात होती.

तुकडा काढला, पीळही काढून टाकला आणि दोन्ही वायरींना कनेक्टर चढवून मधे सरळ जोड लावला. मीटरवाला पुन्हा येऊन गेला. आता शेवटच्या खोलीत ३०६ वर ५५, ४९८ वर ५२, ६५० वर ५१ आणि ७७८ वर ४९ येतात. समांतर_रेषा ताई, तुमच्या हिशेबाचे आकडे मी त्याला आधी दाखवले नव्हते. नंतर दाखवले तेव्हा त्याने कागदाचा फोटो काढून घेतला. बातम्या अखंड चालू आहेत, आणि आवाज कमी करा ही आमची तक्रार परत सुरू झाली आहे.

एक प्रश्न उरतो. शेजाऱ्यांचा अँप्लिफायर टीव्हीमागे न लावता दाराशी लावला असता तर चित्र आले असते का?

समांतर_रेषा

बहुधा आले असते, आणि तेच तोट्याचे ठरले असते. दाराशी सिग्नल अजून सशक्त असतो, गोंगाटापासून पुष्कळ वर असतो. तिथे २० डीबी वाढवले असते तर शेवटच्या खोलीतला ६५० चा आकडा ३६ वरून ५६ झाला असता आणि खड्डा असूनही चित्र दिसले असते. पण दिवाणखान्यातल्या बॉक्सवर मग ८१-८२ पडले असते. जास्त सिग्नलने बॉक्सचा ट्यूनर भरून जातो, वाहिन्यांच्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि तिथले चित्र फुटू लागते, तेही पट्टी पूर्ण भरलेली दाखवून. मग त्या बॉक्सआधी सिग्नल कमी करणारा ॲटेन्युएटर लावायचा, अँप्लिफायरला वर्षभर वीज द्यायची, आणि भिंतीत तो सैल पीळ तसाच.

अँप्लिफायर लागतो तो खऱ्या गरजेपुरता. चार-पाच टीव्ही, मधे आठ तोंडांचा स्प्लिटर, म्हणजे ११ डीबी, आणि बंगल्यात चाळीस-पन्नास मीटर वायर, म्हणजे आणखी ८-९ डीबी, अशी बेरीज वीसच्या आसपास गेली तर तो हवा. तेव्हाही तो दाराशी, पहिल्या वाटणीच्या आधी लावायचा. गेन (वाढ) पूर्ण उघडायचा नाही. जेवढी घट भरून काढायची तेवढाच ठेवायचा. त्याला स्लोप किंवा इक्वलायझरचा वेगळा स्क्रू असेल तर वरच्या फ्रिक्वेन्सींना थोडी जास्त वाढ द्यायची, कारण वायरीत त्याच जास्त झिजतात. त्याहीआधी ऑपरेटरला जिन्यातील टॅप तपासायला सांगावे. टॅप निरनिराळ्या किमतींचे असतात, ११, १४, १७, २० डीबी असे. मुख्य अँप्लिफायरजवळच्या मजल्याला मोठ्या किमतीचा आणि दूरच्याला लहान किमतीचा, म्हणजे सगळ्यांना सारखे मिळते. चुकीचा टॅप बसलेला असेल तर तो बदलणे हाच खरा उपाय.

तिसरा_मजला

जरा शेजारचा विषय काढतो. आमच्या एका नातेवाइकांकडे डीटीएचची छत्री आहे. त्यांनी असाच ५ ते १००० मेगाहर्ट्‌झचा स्प्लिटर लावून दुसरा बॉक्स जोडला, पण काहीच येत नाही.

पक्कड

येणारच नाही. छत्रीवरील एलएनबीमधून (उपग्रहाचा सिग्नल पकडणाऱ्या पुढच्या डबीतून) सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्‌झवर येतो, तो या स्प्लिटरच्या बाहेरचा आहे. शिवाय बॉक्स त्याच वायरीतून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो, आणि ते व्होल्टेज सांगते की लहरीची कोणती दिशा हवी. केबलचा साधा स्प्लिटर ते व्होल्टेज वर जाऊ देत नाही. जाऊ देणारा आणला तरी एक बॉक्स १३ मागणार आणि दुसरा १८, मग एकाच्या वाहिन्या जाणार. दोन तोंडांचा एलएनबी लावून दोन वेगळ्या वायरी खाली आणायच्या, हा सरळ मार्ग.

हडसनकाठ

धागा वाचून माझा प्रश्न विचारतो. आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि इंटरनेटही केबलवरच आहे. चार तोंडांच्या स्प्लिटरचे एक तोंड मोडेमला दिलेले आहे. मोडेमच्या पानावर येणारी पातळी उणे १२ डीबीएमव्ही आणि पाठवण्याची पातळी ५२ दिसते. दिवसातून अनेकदा जोडणी तुटते. दुकानात मिळणारा अँप्लिफायर लावू का?

समांतर_रेषा

हडसनकाठ, तुमचा आणि आमचा आकडा वेगळ्या मापात असतो. ० डीबीएमव्ही म्हणजे ६० डीबीमायक्रोव्होल्ट. म्हणून तुमचे उणे १२ म्हणजे आमचे ४८. मात्र मोडेमवर २५६ क्वाम किंवा त्याहून दाट सिग्नल असतो, त्याला गुणवत्ता जास्त लागते. येणारी पातळी उणे ७ ते अधिक ७ मध्ये असावी. खरी अडचण ५२ ची आहे. मोडेमला उलट दिशेनेही बोलावे लागते, तुमच्याकडे पुष्कळ ठिकाणी ५ ते ४२ मेगाहर्ट्‌झवर, आणि वाटेतील घट भरून काढण्यासाठी तो जोर लावत लावत मर्यादेपाशी पोहोचला आहे. टीव्हीसाठीचा एकमार्गी अँप्लिफायर लावलात तर उलटी वाट पूर्ण बंद होईल आणि इंटरनेट जाईल.

चार तोंडांचा स्प्लिटर ७ डीबी खातो. वायर घरात येते तिथे आधी दोन तोंडांचा लावा. त्याचे एक तोंड थेट मोडेमला द्या, आणि दुसरे टीव्हींच्या स्प्लिटरला. मोडेमच्या वाटेतील साडेतीन डीबी दोन्ही दिशांनी वाचतील. येणारी पातळी उणे साडेआठच्या आसपास आणि पाठवण्याची साडेअठ्ठेचाळीसच्या आसपास येईल. टीव्हींना तेवढेच कमी मिळेल, ते पुरते का पाहा. एवढ्याने भागले नाही तर दाराबाहेरची वायर आणि टॅप तपासायला कंपनीला सांगा, कारण पुढचा दोष तुमच्या हद्दीतला नसेल.

कोकणपट्टा

एक राहून गेले. आमच्याकडे बॉक्सला पिन लावताना हाताला झिणझिण्या येतात. हा केबलचा दोष की बॉक्सचा?

पक्कड

दोन पिनी अडॅप्टरवर चालणाऱ्या बॉक्सला अर्थिंग नसते, त्याच्या आतील कपॅसिटरमधून थोडी गळती पत्र्यावर येते, त्या झिणझिण्या बहुतेक तेवढ्याच असतात. पण गृहीत धरू नका. घरातील टीव्ही, बॉक्स, अँप्लिफायर सगळ्यांचे प्लग काढा आणि बाहेरून येणाऱ्या वायरीच्या कनेक्टरला टेस्टर लावा. तरीही टेस्टर पेटला तर वीज बाहेरून, दुसऱ्या घरातून किंवा खांबावरून, जाळीतून येते आहे. तिला हात लावू नका आणि ऑपरेटरला त्याच दिवशी बोलवा. आमच्या धंद्यातील माणसे याच कारणाने जखमी झालेली आहेत.

मनीप्लांट

शेवटचे विचारते. दोन वेगळे स्प्लिटर ठेवण्याऐवजी दिवाणखान्यात एकच तीन तोंडांचा लावला तर बरे पडेल का? आणि पुढेमागे चार तोंडांचा आणला तर रिकामे तोंड तसेच ठेवले तर चालते का?

पक्कड

तीन तोंडांचे दोन प्रकार येतात. एकात तिन्ही तोंडांना साडेपाचच्या आसपास घट असते. दुसऱ्यात एक तोंड ३.५ आणि बाकीची दोन ७ ची असतात. त्याच्या आत दोन स्प्लिटरच एकापुढे एक बसवलेले असतात, म्हणजे तुमच्याकडे आज आहे तेच. पहिल्या प्रकाराने शेवटच्या खोलीला दीड डीबी जास्त मिळतील आणि दिवाणखान्याला दोन कमी, पण दिवाणखान्यातून शेवटच्या खोलीपर्यंत नवीन वायर ओढावी लागेल. ४९ येत असताना त्या खटाटोपात पडू नका.

चार तोंडांचा आणलाच तर रिकाम्या तोंडावर सिग्नल शोषून घेणारा ७५ ओहमचा टर्मिनेटर फिरवून बसवा. रिकाम्या तोंडावरून सिग्नल परत फिरतो आणि बाकीच्या तोंडांवर गडबड करतो. नुसते प्लास्टिकचे टोपण त्याला थांबवत नाही. आणि कनेक्टर चढवताना मधली तार तोंडाच्या कडेबाहेर तीनएक मिलिमीटरच ठेवा, जाळीची एकही तार आत वळू देऊ नका, आणि दाबायला साधी पक्कड न वापरता क्रिंपिंगचे हत्यार किंवा कॉम्प्रेशनचे हत्यार वापरा. माझे इथले नाव काहीही असले तरी.